आधी त्यांना विचारा, मग ऑपरेशनचं ठरवा

"आता या वयात कशाला चिरफाड?" किंवा "काहीही करा डॉक्टर, पैशांकडे बघू नका." घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मोठं ऑपरेशन निघालं की आपल्याकडे यातलं एक वाक्य हमखास ऐकू येतं. दोन्ही मायेपोटीच असतात. पण ज्याची छाती उघडायची, त्याला बऱ्याचदा कुणी विचारलेलंच नसतं.

आज बोलायचंय महाधमनीबद्दल. हृदयातून निघून अंगभर रक्त पोचवणारी ही सगळ्यात मोठी नळी. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की ती फुगू शकते, आतून चिरू शकते. छातीत नाहीतर पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ येते. आपण गॅस म्हणून सोडा पितो आणि सकाळची वाट बघतो. चीर हृदयाजवळ असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात. तिथून शहरातलं मोठं हॉस्पिटल किती तासांवर आहे, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

मग म्हाताऱ्यांचं ऑपरेशन करावं का? या आजाराची 1996 पासून एक आंतरराष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिच्यातल्या 80 ते 90 वयाच्या रुग्णांमध्ये ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे 38 टक्के हॉस्पिटलातच गेले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे 55 टक्के. या वयाचे रुग्ण थोडे होते, त्यामुळे हा फरक पक्का धरता येत नाही. ऐंशीच्या आतल्यांना मात्र ऑपरेशनचा फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे "वय झालं" एवढ्यावर नाही म्हणणं चूक, आणि "ऑपरेशन केलं की सुटलो" हेही चूक.

अमेरिकेतले डॉ. मायकेल डिबेकी हे याच ऑपरेशनचे जनक. 2005 च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांचीच महाधमनी चिरली. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला होता. पुढे शुद्ध हरपल्यावर पत्नीनं आग्रह धरला, हॉस्पिटलच्या नीतिसमितीत वाद झाला आणि फेब्रुवारी 2006 मध्ये ऑपरेशन झालं. ते वाचले, 2008 पर्यंत जगले आणि केलं ते बरंच केलं म्हणाले. ही गोष्ट इथवरच सांगितली जाते. मधले महिने कुणी सांगत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीनं अन्न, आणि दहा लाख डॉलरच्या पुढे गेलेला खर्च. त्यांच्यामागे जगातली उत्तम टीम होती. आपल्या आबांच्या मागे कोण असतं? एक सून, एक रजा संपलेला मुलगा आणि गावातला कंपाउंडर.

म्हणून डॉक्टरांना "वाचतील ना?" एवढंच विचारू नका. स्वतःच्या पायानं संडासला जातील का? लकवा, किडनीचा धोका किती? घरी आल्यावर किती महिने माणूस लागेल? या हॉस्पिटलात वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि फुगा वेळेत सापडला, तर ठरवून केलेल्या ऑपरेशनचा धोका चीर पडल्यानंतरच्या धावपळीपेक्षा कितीतरी कमी असतो.

आता सरकारशी बोलू. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान योजनेत 70 च्या पुढच्या सगळ्यांना 5 लाखांचं कवच आहे. चांगलं झालं. पण पैसा जनतेचा असेल तर निकालही जनतेला कळायला हवा. न्यूयॉर्क राज्यात बायपासचे हॉस्पिटलनिहाय मृत्युदर 1990 च्या दशकापासून जाहीर होतात. आपल्याकडेही योजनेतल्या मोठ्या ऑपरेशनांचे आकडे, रुग्णांचं वय आणि आजाराची तीव्रता धरून, लोकांसमोर ठेवा. एक वर्षानं किती जण चालते-फिरते होते, तेही सांगा. कार्ड वाटपाचे फोटो खूप झाले.

तोवर आपल्या हातात दोन कामं आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांचं बीपी नियमित मोजा, गोळी चुकवू देऊ नका. आणि ते धडधाकट असतानाच विचारा, "उद्या असं काही झालं तर तुमची इच्छा काय?" अवघड वाटेल, अभद्रही वाटेल. पण रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फॉर्मवर सही करण्यापेक्षा ते सोपं आहे.

तुमच्या घरी हे बोलणं झालंय का? लिहा.