विज्ञानाला प्रश्न कोणी विचारावेत?

बौद्ध बंधुभगिनींनो, धम्मदीक्षेबरोबर आपण नवस, अंगारे, ताईत टाकून दिले. परंतु पोथीच्या जागी साहेबाचा अहवाल ठेवून त्यापुढे हात जोडणे, हीही अंधश्रद्धाच होय. केवळ अधिकारी पुरुष सांगतो म्हणून काही सत्य मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना बजावले होते.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. विजेची आवश्यकता कोण नाकारील? मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच वीजनियोजनाचा पाया घातला. तथापि तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने तर माहितीलाच कुलूप घातले होते. बोईसरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला मच्छीमारांना हरित लवादाकडे जावे लागले. लवादाने २०२२ साली भरपाईचा आदेश दिला. जाळे टाकणाऱ्यांचा अनुभव आधी, सरकारी मोजमाप मागाहून! खाडी जाणणाऱ्यांना आरंभीच विचारले असते, तर आपले रसायनशास्त्र निराळ्या वाटेने वाढले असते. रंग कसा करावा, याच्याही आधी त्याचे पाणी कोठे जाईल, हे त्याने शोधले असते.

ती वाट अजून बंद झालेली नाही. मुलांना विज्ञान शिकवा, आणि स्वतः २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज लिहा. मराठीत चालतो, शुल्क १० रुपये. प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा: आमच्या विहिरीचे पाणी केव्हा तपासले, कशासाठी, निष्कर्ष काय? ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. 'तपासले नाही' असे उत्तर आले, तरी ते जपून ठेवा. लवादापुढे तोही पुरावाच आहे.