समिती कागदावर, न्याय वाऱ्यावर

गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी २००९ साली आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी करून प्राध्यापकांना दोषी ठरवले, कार्यकारी परिषदेने त्यांना बडतर्फ केले आणि मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. प्रकरण संपले, असेच कोणालाही वाटले असते. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली आणि चौकशी मे २००९च्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करण्यास सांगितले. प्राध्यापक निर्दोष आहेत, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. समितीने बैठकांमागून बैठका घेतल्या, मागितलेली मुदत नाकारली आणि आरोपीच्या गैरहजेरीत चौकशी इतक्या घाईने उरकली की, त्याला आपली बाजू मांडण्याची रास्त संधीच मिळाली नाही, हा आक्षेप होता. चौदा वर्षांनंतर तक्रारदार आणि आरोपी दोघेही पुन्हा पहिल्याच दारात उभे!

हे प्रकरण घडले तेव्हा या विषयावर स्वतंत्र कायदा नव्हता. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या एका ग्रामीण ‘साथिन’ने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून निर्माण झालेल्या ‘विशाखा’ याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेला कायदा करण्यास आणखी सोळा वर्षे लागली. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा ९ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला. मात्र, आजही असंख्य व्यापारी, संस्थाचालक आणि अधिकाऱ्यांची समजूत अशी आहे की, हा कायदा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसाठी आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक आस्थापनेत, इतकेच नव्हे तर तिच्या प्रत्येक शाखेत, लेखी आदेशाने अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. पतसंस्था, शाळा, रुग्णालय, न्यास, सेवाभावी संस्था, नगरपालिका, क्रीडासंघ, सर्वच त्यात आले. ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. रोजंदारीवरील कामगार, कंत्राटदारामार्फत आलेली सफाई कामगार, शिकाऊ मुलगी आणि एक पैसाही न घेता काम करणारी स्वयंसेविका, या सर्वांना कायद्याचे संरक्षण आहे. सामाजिक कामात रमलेल्या मंडळींनी हा शेवटचा उल्लेख दोनदा वाचावा. ‘आपल्याकडे सारे घरच्यासारखे वातावरण आहे’ हे वाक्य अशा संस्थांत मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. पण घरच्यासारख्या वातावरणात तक्रार करणे अधिक अवघड असते, कारण तिथे समोरचा माणूस साहेब नसतो, ‘दादा’ किंवा ‘काका’ असतो.

बहुतेक ठिकाणी समिती जन्माला कशी येते? वरून पत्र येते किंवा लेखापरीक्षक विचारणा करतात. मग कार्यालयीन अधीक्षक संगणकावरचा जुना आदेश काढतात, चार नावे बदलतात आणि कागद फायलीत जातो. कायद्यानुसार अध्यक्षपद वरिष्ठ स्तरावरील महिलेकडे असावे, निम्म्याहून कमी महिला असू नयेत आणि एक सदस्य बाहेरचा, महिलांच्या प्रश्नांवर काम करणारा असावा. हा बाहेरचा सदस्य म्हणजे व्यवस्थापनाच्या दबावाला घातलेला बांध आहे. त्या जागी संचालकांच्या नात्यातील कुणाची सोय लावली की, तो बांध पहिल्याच दिवशी फुटतो. सूचनाफलकावर समितीची माहिती लावण्याचे बंधन तर बहुतेकांच्या गावीही नसते. ज्या समितीचे नाव कर्मचाऱ्यांना ठाऊक नाही, तिच्याकडे तक्रारी येत नाहीत आणि वार्षिक अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असे अभिमानाने छापले जाते!

तक्रार आली म्हणजे खरी परीक्षा. ती घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आपल्याकडे हा काळ ‘आपसात मिटवून टाका’ या सल्ल्यात निघून जातो. तडजोडीला कायद्यात जागा आहे, पण ती तक्रारदार महिलेने स्वतः मागितली तरच, आणि पैशाच्या आधारे तर मुळीच नाही. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. या मुदतीचा अर्थ गोव्यातील समितीसारखी घिसाडघाई असा नव्हे. आरोपीला तक्रारीची प्रत मिळाली पाहिजे, साक्षीदार मांडता आले पाहिजेत, त्याचे म्हणणे नोंदले गेले पाहिजे. चौकशीच्या काळात तक्रारदाराची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा समिती सुचवू शकते. नावे बाहेर फोडणे हा स्वतंत्र दोष आहे. कार्यालयातील चहाच्या टपरीवर रंगणाऱ्या चर्चांना हे सांगणार कोण?

खोट्या तक्रारींची भीती अनेक कुटुंबांत बोलली जाते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. द्वेषबुद्धीने केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद याच कायद्यात आहे. मात्र, केवळ पुरावा देता आला नाही म्हणून महिलेला शिक्षा होत नाही. निरपराध पुरुषाला वाचवते तीही नियमाने चाललेली चौकशीच, हे या भीतीपोटी कायद्याला नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

ओडिशातील बालासोर येथील महाविद्यालयात एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. न्याय मिळत नाही या भावनेने तिने स्वतःला पेटवून घेतले आणि जुलै २०२५ मध्ये तिचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी समिती होती की नव्हती हा प्रश्न गौण ठरतो. तक्रारदाराचा तिच्यावर विश्वास होता का, हा खरा प्रश्न.

सरकारी यंत्रणाही या बाबतीत फार पुढे नाही. २०२३च्या त्याच निकालात न्यायालयाने, ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत अशी समितीच नसल्याच्या वृत्ताची दखल घेतली होती. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानातील मुलगी, घरकाम करणारी बाई, किंवा ज्यांची तक्रार थेट मालकाविरुद्धच आहे अशा महिला, यांच्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. ती कायदा होऊन अकरा वर्षे लोटली तरी सर्वत्र नीट उभी नव्हती, म्हणून ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा मुदती घालून आदेश द्यावे लागले.

समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे; पुन्हा तीच कसूर झाल्यास दुप्पट दंड आणि परवाना रद्द होण्याचीही तरतूद आहे. एक लहानशी बाब मात्र प्रामाणिक संस्थांच्याही नजरेतून सुटते. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. ज्यांनी २०२१ साली समिती नेमून फाईल कपाटात ठेवली, त्यांच्याकडे आज कायद्याच्या दृष्टीने समितीच नाही. आणि आदेशात ज्यांचे नाव आहे त्या अध्यक्षा कदाचित निवृत्तही झाल्या असतील.