चालायचं कोणी, थांबायचं कोणी

सेवाग्राम परिसरात गरोदर बायकांच्या तपासणीची रांग लागली, की एकाच बाकावर दोन तऱ्हांच्या बायका बसलेल्या दिसतात. एकीनं पहाटे उठून पाणी भरलं, स्वयंपाक केला, धुणं आटोपलं आणि मग बस गाठली. उद्या तिला पुन्हा वावरात जायचंय. दुसरी वर्ध्यातल्या खात्यापित्या घरची. दिवस गेल्याचं कळल्यापासून सासूनं तिला झाडूलाही हात लावू दिलेला नाही. दोघींच्या हातात तेच कार्ड, पिशवीत त्याच लोहाच्या गोळ्या, आणि भेटेल तो दोघींना एकच सांगतो: जप, आराम कर.

मला हा एकसारखा सल्ला पटत नाही.

आधी दुसरीचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली स्पष्ट सांगितलं, की डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर गरोदर बाईनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणं. त्यानं गरोदरपणातल्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका कमी होतो, वजन आवाक्यात राहतं, मनही थाऱ्यावर राहतं. चालल्यानं दिवस भरायच्या आत बाळंतपण होईल ही घरोघरची भीती. पण निरोगी गरोदरपणात तसं होत नाही. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करायचा. आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा चालायचं ते ऊन चढण्याआधी, पाणी पिऊन. गांधीजी इथे रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जात. त्या गावच्या लेकीसुनांना सकाळी रस्त्यानं चालायला कोणाची परवानगी लागू नये.

मनाई कोणाला, हेही नीट कळायला हवं. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, गर्भपिशवीचं तोंड सैल असेल, रक्तदाब फार वाढला असेल, रक्त फारच कमी असेल, तर आधी डॉक्टर. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच, तो आजार असलेल्या बाईनंही विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. आणि चालता चालता अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, छातीत दुखलं, गरगरलं, पोटात थांबून थांबून कळा यायला लागल्या, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

आता पहिली. तिला कोणी १५० मिनिटं सांगायला गेलं तर ती हसेल. कापूस वेचणारी बाई कधी जवळून बघा. कमरेला ओटी बांधलेली, सातव्या महिन्याचं पोट, बोंडाबोंडाला वाकणं, आणि जसजशी ओटी भरते तसतसा कमरेवर वाढत जाणारा भार. मजुरी किलोवर. बसली तर तेवढे पैसे बुडाले. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९०च्या दशकात गरोदर बायकांच्या पोषणाचा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं, की शेतातली आणि घरातली कष्टाची कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं लहान जन्मली. त्या बायका मुळातच हाडकुळ्या होत्या, ताटात कमी आणि अंगावर काम जास्त. अशा बाईला व्यायामाची नाही, विसाव्याची आणि पोटभर जेवणाची गरज असते. दिवसा दोन तास आडवं होणं आणि रात्री आठ तास झोप हा सल्ला खरं तर तिच्यासाठी आहे, आणि तो पाळणं तिलाच सगळ्यात अवघड. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणून. कापसाच्या हंगामात तेवढ्यावर किती दिवस घरी बसता येईल, याचा हिशेब कोणीही करावा.

म्हणून तपासणीला आलेल्या प्रत्येकीला वजन आणि रक्तदाबाबरोबर एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: बाई, काल दिवसभर काय काय केलं? उत्तर ऐकून मगच सांगायचं, चाल की थांब. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. गरोदरपणाच्या काळजीत मी या प्रश्नाला लोहाच्या गोळीइतकंच महत्त्व देईन. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये इथे वैद्यकीय महाविद्यालय काढलं ते खेड्यासाठीच. इथले विद्यार्थी पहिल्याच वर्षी एक गाव दत्तक घेतात, घरं वाटून घेतात, दारात बसून बोलतात. हा प्रश्न त्यांनी विचारावा, आशाताईंनी विचारावा.

आणि घरच्यांनो, तुमच्याकडे यातली कोणती सून आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिली असेल तर तिच्या डोक्यावरची घागर आणि कमरेची ओटी आजच उतरवा, पाणी नवऱ्यानं भरावं. दुसरी असेल तर डॉक्टरांना विचारून उद्या सकाळी तिला फिरायला घेऊन निघा. सासूबाईही सोबत गेल्या तर त्यांच्याही गुडघ्यांना बरं.