खाडीकाठ : थापट्याची चोच

हिवाळ्यात रविवारी सकाळी पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला लागलं, की गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं भेटतात. फताड्या चोचीचं बदक दिसताच कुणीतरी 'शॉव्हलर!' म्हणतं आणि सगळे कॅमेरे तिकडे वळतात. त्या घोळक्यात एकदा तरी त्याचं मराठी नाव 'थापट्या' ऐकू यावं, असं मला दर वेळी वाटतं.

उत्तरेच्या थंड मुलखातून येणाऱ्या या पाहुण्याच्या चोचीला कंगव्यासारखी दाट झालर असते. पाणी गाळून तो बारीक जीव टिपतो. ती चोच पाहून इंग्रजांना फावडं आठवलं, जर्मनांना चमचा, इटालियनांना स्वयंपाकघरातला डाव. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८मध्ये शास्त्रीय नाव देताना तिच्यात ढाल पाहिली. मराठी कानाला कुंभाराची थापटणी ऐकू येते. चोच एकच, पण ज्याला त्याला आपल्या घरातलं अवजार दिसलं.

उत्तर अटलांटिकच्या ईडर या समुद्री बदकाची गोष्ट वेगळी. त्याच्या घरट्यातली मऊ पिसं आइसलँडहून देशोदेशी विकली गेली आणि मालाबरोबर नावही गेलं. म्हणून इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्वीडिश भाषांत थोड्याफार फरकाने तोच शब्द सापडतो. फ्रेंचांनी तर पिसांच्या रजईलाही त्यावरूनच 'एद्रदों' म्हटलं. पण इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड किनाऱ्यावर, जिथे हे बदक घरटी करतं, तिथले लोक त्याला 'कडी डक' म्हणतात. सातव्या शतकात तिथल्या फार्न बेटावर राहिलेल्या संत कथबर्टचं हे लाडकं नाव. पक्षी शेजारी असला की नावही घरचंच मिळतं.

आपलं 'हळदी-कुंकू' बदक तसंच. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग, बुडाशी लाल ठिपका. शास्त्रीय नाव तिला नुसती 'रंगीबेरंगी चोच' म्हणतं. मराठीने तिच्यात देव्हाऱ्यातला करंडा पाहिला.

भांडुपला लागून असलेल्या ठाणे खाडीला २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. आता शाळांच्या सहली इथे येतात, तेव्हा मुलांना नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : इंग्रजी नाव जरूर सांगा, पण आधी 'थापट्या' म्हणा आणि थांबा. असं नाव का पडलं असेल, हे शोधायला मूल दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावेल, आणि या वेळी ते चोच नीट पाहील.