रविवार कोणाचा?

जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचे उद्गार वृत्तपत्रांतून गाजले. माणसाने आठवड्यास नव्वद तास काम करावे, आपल्या नोकरवर्गाकडून रविवारी काम करवून घेता येत नाही याचा आपणांस खेद वाटतो, आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे तरी किती वेळ पाहत राहणार, असा त्यांचा मथितार्थ होता. त्यावर सुशिक्षित वर्गात जी खळबळ उडाली ती योग्यच होती. बहुतेक टीकाकारांनी नव्वद तासांचा हिशेब मांडला. आमचे लक्ष मात्र शेवटच्या वाक्याकडे वेधले. रविवारी नवरा जिच्या तोंडाकडे पाहत बसणार, ती बाई त्या वेळी काय करीत असते? तीही समोर स्वस्थ बसलेली असते, हे या गृहस्थांनी कोणत्या अनुभवावरून ठरविले?

रविवार हा काही आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या मजुरांस नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून संघटित केले. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीच्या १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे यांनी त्या मजुरांस ‘मनाचा समतोल राखा, वेळेचे नियोजन करा’ असा उपदेश केला असता, तर आजही गिरणीचा भोंगा सातही दिवस वाजला असता. आज कचेऱ्यांतून नेमकी तीच व्याख्याने होतात. तासाभराचा प्राणायाम शिकवावयाचा आणि संध्याकाळी सातची बैठक जशीच्या तशी ठेवावयाची, असा हा प्रकार आहे. समतोल हा व्यक्तीचा सद्गुण आहे अशी समजूत एकदा करून दिली, की तो न साधणे हा त्या व्यक्तीचाच दोष ठरतो, आणि मालक व सरकार दोघेही मोकळे होतात.

परंतु लोखंड्यांचा रविवार स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी अडला, हेही कबूल केले पाहिजे. सरकारनेच केलेल्या वेळवापराच्या पाहणीत २०२४ साली असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे जातात, तर पुरुषाची ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावे, तर त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली!

मग आमच्यासारख्यांच्या घरांतून समतोल साधतो तो कसा? एक तर सासूबाई म्हातारपणी दुसऱ्यांदा आई होतात, नाही तर मोलकरीण येते. ती पहाटे आपले तान्हे मूल थोरल्या मुलीच्या स्वाधीन करून निघते, आणि त्या मुलीची शाळा बुडते. या बाईचा रविवार कोणता? आमच्याकडे पाहुणे येणार म्हणून नेमके त्याच दिवशी तिला लवकर बोलावलेले असते. नव्वद तासांवर संतापणाऱ्यांनी या उत्तरापाशी क्षणभर थांबावे. जुन्या एकत्र कुटुंबात हा प्रश्नच नव्हता असे म्हणणारेही भेटतात. प्रश्न होता, तो धाकट्या सुनेच्या पाठीवर होता, एवढेच.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर बंधनकारक केले. मोजणी स्त्रियांची ठेवल्यामुळे, स्त्रिया कमी घेणे हाच खर्च टाळण्याचा सोपा मार्ग ठरला. ही चूक २०१७ साली सुधारली: पन्नास नोकर, मग ते स्त्री असोत की पुरुष, असे ठरले. पण त्याच दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची करताना, राज्य विमा योजनेबाहेरील स्त्रियांच्या त्या पगाराचा सारा भार मालकावर टाकला. परिणामी तरुण विवाहित स्त्री मुलाखतीस आली की मालकाच्या डोळ्यांपुढे तिची पात्रता न येता सव्वीस आठवडे येतात. याचा विचार फार पूर्वी झाला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याने हा भार पुष्कळ अंशी सरकारने सोसणे युक्त होय. मालकासही त्यातून पूर्ण मुक्तता नाही. पुढच्या वर्षी कायदा झाला. भाराचे ते तत्त्व मागे पडले.

कोणी म्हणेल, सरकारने इतका पैसा आणावा कोठून? आमचे म्हणणे असे की, खर्च आजही होतोच आहे. फक्त तो म्हातारीच्या गुडघ्यांतून आणि मोलकरणीच्या मुलीच्या शाळेतून वसूल होतो. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत. परंतु बहुतेक अंगणवाड्या मिटतात तेव्हा आईचे काम निम्म्यावरही आलेले नसते. शिवाय सेविकेस जे देतात त्यास वेतन म्हणावयाचे नाही, ‘मानधन’ म्हणावयाचे! मान शब्दात ठेवला की धन कमी दिले तरी चालते. नगरपालिकांनी प्रत्येक प्रभागात संध्याकाळपर्यंत उघडी राहणारी, पगारी सेविकांची पाळणाघरे काढावीत, आणि प्रसूतीच्या रजेचा पगार मुख्यतः सार्वजनिक निधीतून द्यावा, अशी आमची मागणी आहे.

दरम्यान वाचकांस एक प्रयोग सुचवितो. आमच्यापैकी पुष्कळांच्या गृहनिर्माण संस्थांत व्यायामशाळेस स्वतंत्र दालन असते. येत्या वार्षिक सभेत तशाच एका दालनात पाळणाघर काढण्याचा ठराव मांडावा, आणि त्यात इमारतीत भांडी घासणाऱ्या बाईचे मूलही घेतले जाईल, असे एक कलम घालावे. विरोध ठरावास होतो की त्या कलमास, हे पाहण्यासारखे ठरेल.