विपणनातून पुढे कोठे?

गेल्या महिन्यात एका घरगुती समारंभात माझी भाची भेटली. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत ती सात वर्षे प्रॉडक्ट मार्केटिंगचे काम करीत आहे. जेवणे आटोपल्यावर तिने विचारले, "मामा, आता पुढे काय? बाबा म्हणतात, नोकरी सोड आणि पेढीवर ये. मलाही येथे वाढ दिसत नाही. पण शिकले ते वाया जायला नको." हा प्रश्न आपल्या अनेक घरांतील असल्यामुळे त्याचा विचार या सदरात करीत आहे.

वडीलधारी मंडळी या कामाला 'जाहिरातीचे काम' म्हणून मोकळी होतात. वास्तविक माल कोणासाठी आहे, त्या गिऱ्हाइकाची अडचण कोणती, इतरांच्या मालापेक्षा आपला सरस कसा, भाव काय ठेवावा आणि विक्रेत्याने तो कोणत्या शब्दांत सांगावा, हे ठरविणे म्हणजे प्रॉडक्ट मार्केटिंग. पूर्वी गादीवर बसलेले शेठजी हे सारे अनुभवाने एकटेच करीत.

१९३१ मध्ये अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत 'कॅमे' साबणाचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणाने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. कंपनीच्याच 'आयव्हरी' साबणापुढे कॅमे मागे पडत होता. म्हणून प्रत्येक मालाला स्वतंत्र जबाबदार माणूस असावा, असे त्याने सुचविले. 'ब्रँड मॅनेजर'ची पद्धत त्यातून रूढ झाली. मॅकेलरॉय १९४८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. एवढी झेप प्रत्येकाला साधत नाही. परंतु मालाची पूर्ण जबाबदारी घ्यायला शिकलेल्या माणसाला अनेक दारे उघडतात.

पहिली वाट विपणन विभागप्रमुखाची. तेथे माणसे आणि खर्चाचा अंदाज सांभाळावा लागतो. दुसरी प्रॉडक्ट मॅनेजमेंटची, म्हणजे माल कसा विकावा याऐवजी मुळात काय बनवावे हे ठरविण्याची. तंत्रज्ञांबरोबर बसण्याची तयारी असेल तर आहे त्याच कंपनीत ही बदली मागावी. बाहेरून शिरणे अवघड. तिसरी विक्रीची, तेथे उत्पन्नाचा मोठा भाग उद्दिष्टावर अवलंबून असतो. आकड्यांची आवड असणाऱ्यांना ग्राहक-संशोधन आणि दरनिश्चिती ही कामे मानवतात. स्वतंत्र सल्लागारही होता येते. मात्र वसुली स्वतःच करावी लागते आणि वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सहा महिन्यांचा घरखर्च हाती असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

उरली पेढी. भाचीच्या वडिलांचा घाऊक मसाल्याचा व्यापार आहे. माल पोत्याने जातो, नाव दुसऱ्याचे लागते. स्वतःच्या नावाची लहान पाकिटे काढणे हे तिच्या शिक्षणाला साजेसे काम आहे. त्यासाठी एफएसएसएआयचा परवाना, पाकिटावर निव्वळ वजन, किंमत आणि तारीख हवी. शब्दही जपून हवेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण खरी अडचण परवान्याची नाही. 'घरचेच आहे, पगार कशाला?' या एका वाक्याने कित्येक हुशार मुली आणि सुनांची पेढीवर बिनपगारी मदतनीस होते. म्हणून मी तिला सांगितले, नोकरी सोडण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घे: तुझ्याकडे कोणता माल, दरमहा पगार किती, आणि दोन वर्षांनी हिशेब कशावर मांडायचा. वाट कोणतीही धर, सात वर्षांत कोणता माल हाताळलास आणि त्याची विक्री किती वाढली, हे आकड्यांसह एका पानावर मांड. पुढे कोठेही तेच पान दाखवावे लागेल.

तिचे वडील शेजारीच बसून ऐकत होते. थोड्या वेळाने ते तिला म्हणाले, "ते पान आधी मला दाखव." सात वर्षांत त्यांनी तिच्या कामाची अशी चौकशी प्रथमच केली होती. वाचकहो, आपल्या घरीही सुरुवात येथूनच करावी.