सही करण्याआधी दोन दिवस

सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ह्यांना दोन जिने चढले की छातीत आवळल्यासारखं व्हायचं. बसले की पाच मिनिटांत थांबायचं. अँजिओग्राफी केली, तर एका रक्तवाहिनीत ७० टक्के ब्लॉक निघाला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, इथे सही करा. मी म्हटलं, दोन दिवस विचार करते. तेव्हापासून दीर-जाऊबाई धड बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, पैशाकडे बघितलंस. ताई, माझं चुकलं का?"

नाही हो, चुकलं नाही. पण पुढचं सगळं वाचल्याशिवाय हे उत्तर सासूबाईंना दाखवू नका. कारण हेच दुखणं वेगळ्या तऱ्हेनं आलं असतं, तर मी तुमच्यावरच रागावले असते.

आपल्याला वाटतं, नळात गाळ साचला, तो काढला की झालं. पण झटका येतो तो बहुधा रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे. आणि फुटणारी जागा दर वेळी सर्वांत अरुंद असते असंही नाही. स्टेंट एका जागेपुरता असतो. कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅस्पिरिन, रक्तदाब-साखरेची औषधं आणि तंबाखू सोडणं, हे सगळ्या वाहिन्यांसाठी. चालताना दुखतं, थांबलं की थांबतं, अशा ५,१७९ रोग्यांवर झालेला 'इस्किमिया' नावाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशातलेही रोगी होते. काहींना लगेच स्टेंट किंवा बायपास, काहींना आधी फक्त औषधं. तीन वर्षांनंतरही मृत्यू आणि झटके यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. म्हणजे औषधं घेऊनही जिना चढवेना, तर स्टेंट जरूर घ्यावा. पण 'विचार करते' म्हणून औषधाविना बसायचं नाही, बरं का!

आता अपवाद. डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी, डॉक्टर जिला 'लेफ्ट मेन' म्हणतात, ती अरुंद असेल किंवा हृदयाची ताकदच कमी झाली असेल, तर हा हिशेब लागू नाही. मधुमेह आहे आणि तिन्ही वाहिन्यांत ब्लॉक आहेत, तर सहसा स्टेंटपेक्षा बायपास जास्त टिकतो. ह्यांची अँजिओग्राफीची सीडी आणि इकोचा कागद घेऊन दुसऱ्या हृदयतज्ज्ञांना दाखवा. पहिल्या डॉक्टरांना त्यात वाईट वाटायचं कारण नाही.

पैशाचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटची कमाल किंमत सरकार ठरवून देतं. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. आणि टाकलाच, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. दाढ काढायची म्हणूनसुद्धा आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

जाता जाता एक गंमत. ही फुग्याची युक्ती आपल्याच राज्यात, म्हणजे स्वयंपाकघरात जन्मली! डॉक्टर आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी ते फुगे घरच्या ओट्या-टेबलावर बसून तयार केले आणि १९७७ साली झुरिकमध्ये पहिली अँजिओप्लास्टी केली.

आता रागवायचं ते. बसल्या जागी छातीत दुखू लागलं, पंधरा मिनिटांत थांबेना, दरदरून घाम आला, तर तो झटका समजायचा. तेव्हा दोन दिवस नाहीत, दोन मिनिटंही नाहीत. अ‍ॅस्पिरिन चालत असेल तर एक ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, १०८ ला फोन करा आणि अँजिओप्लास्टी होते अशा रुग्णालयात न्या. तिथे डॉक्टर म्हणतील तिथे सही करा. त्या वेळी स्टेंट जीव वाचवतो.

आणि हे सगळं ह्यांच्यापुरतंच नाही. आपल्या बायकांनाही बहुधा छातीतच दुखतं, पण कधी कधी छातीत फारसं दुखतच नाही. धाप लागते, जबडा किंवा पाठ भरून येते, मळमळतं. आपण 'पित्त झालं' म्हणून आल्याचा रस घेतो नि पोळ्या लाटायला उभ्या राहतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते जरूर कळवा. तुमची स्वतःची साखर आणि रक्तदाब शेवटचा कधी तपासला, तेही त्याच पत्रात लिहा.